कापसाच्या बंडीवरची चिलीम

चिलीम हातात घेतली की आधी कानाशी न्यायची, डोळ्यांशी नंतर. आमच्या घरात हाच कायदा होता. माझा बाप आव्यासमोर, म्हणजे कुंभाराच्या भट्टीसमोर, उकिडवा बसायचा. भाजून निघालेली चिलीम राखेतून काढून डाव्या हाताच्या दोन बोटांत हलकीच धरायचा, घट्ट धरली तर आवाज मरतो. मग उजव्या हाताच्या नखानं एक टिचकी. मान थोडी वाकडी. टण्ण वाजली तर गोणपाटावर. बद्द वाजली तर समोरच्या काळ्या दगडावर फाट्कन, आणि तोंडातून एक शिवी. शिवी मातीला की मला, हे कधी कळलं नाही. चाकावर मी असायचो, म्हणून मी ती माझीच समजायचो.

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो. बोलतो तसंच लिहितो. ही गेली, त्याला येत्या पौषात वर्ष होईल. हिची आठवण काढायला बसलो की मला लग्न आठवत नाही, पोरं झालेली आठवत नाहीत. तो अकोल्याचा रस्ता आठवतो.

गोष्ट पंचावन्न-छप्पनच्या सुमाराची. आमचं गाव बाळापूरजवळ, मन नदीच्या काठाला. गाडगी-मडकी सगळेच कुंभार करतात, आमचं नाव होतं ते चिलमीचं. बा चिलमीवर बोलायचा ते माणसावर बोलल्यासारखं.

"याचं तोंड फाकलं, हा सांडणार."

"मान पाह्य याची. हार घालून घ्याले वाकलेल्या नवरदेवावानी."

"पोट सुटलं बे! सावकाराची चिलम केली का तू?"

मी खाली मान घालून ऐकायचो. बोलायची हिंमत नव्हती. बाचा हात जड होता आणि तो उगारायच्या आधी सांगायचा नाही. पण तो म्हणायचा ते खरं असायचं. चिलमीत खाली एक खडा असतो, त्यावर तंबाखू, तंबाखूवर इस्तू म्हणजे निखारा. गळा नीट उतरता नसला तर खडा बसत नाही. तोंड बाहेर उमललेलं असलं तर चिलीम फुलासारखी दिसते, बाजारात गिऱ्हाईक आधी तीच उचलतं, पण तिच्यातून इस्तू घसरतो. बाच्या चिलमीचं तोंड जरासं आत वळलेलं. दिसायला बुटकी, हिरमुसल्यासारखी. पण भरलेली चिलीम बा बाजारात आडवी करून दाखवायचा, आणि काही पडायचं नाही.

"कापसावर बसून ओढा. आग लागली तर मले येऊन सांगा."

लोक हसायचे आणि घ्यायचे. दिवाळीनंतर अकोल्याला सरकी काढायच्या जिनाकडं कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, निघायच्या. बंडीवर बसून ओढायला मालक मना करत, पण ओढणारा ओढतोच. ते सगळे बंडीवाले चिलीम घ्यायचे ती आमची. म्हणजे त्या हंगामात अर्ध्या मुलखाचा कापूस बाच्या टिचकीवर चालला होता म्हणा ना.

ही चांदूर बाजारकडची. तिच्या माहेरीही हेच काम. लग्न होऊन आली ती पदरात पूर्णा नदीतला एक गोटा बांधून, जांभळाएवढा, काळा, गुळगुळीत. चिलीम अर्धवट सुकली की तिला गेरू लावायचा आणि असा गोटा फिरवत बसायचं, चकाकी येईपर्यंत. ते काम बायकांचं. आई गेल्यापासून बा स्वतः करायचा आणि वाईट करायचा. हिनं आमच्या चिलमी उलटसुलट करून पाहिल्या आणि मला म्हणाली, "इकडच्या चिलमी अशा बुटक्या काहून? ओढणाऱ्याचं बोट भाजत नाई का?"

सासऱ्याला ती मामाजी म्हणायची, पण सासऱ्यासमोर सून बोलत नसे. पदर नाकापर्यंत. पण अंगणात एक शेळी बांधलेली असायची. बाला जे सांगायचं ते ही शेळीला सांगायची.

"खाय वं, खाय. गेरू आज लय पातळ हाय. फडक्यानं लावला तर वळ उठतीन."

बा तिकडं न पाहता मला म्हणायचा, "शेळीले सांग, या घरात गेरू माया बापानं फडक्यानंच लावला, त्याच्याई बापानं." आणि थोड्या वेळानं फडकं टाकून हातानं लावायला लागायचा.

मला हसू यायचं. पण हसायचीही भीती वाटायची.

त्या वर्षी पुरानं आमची जुनी मातीची खाण नेली. दुसऱ्या काठावरची माती आणली. माती चिकट, चांगली, पण तिच्यात चुनखडी होती. मी चाळून घ्यायचो, पण पिठासारखे बारीक कण राहायचेच. चुनखडीचा कण आव्यात जळतो आणि गप बसतो. मग काही दिवसांनी हवेतली ओल पिऊन फुगतो आणि चिलीम आतून तडकते. वरची चकाकी तशीच. डोळ्याला काही कळत नाही, कळलं तर कानालाच. म्हणून बा बाजाराच्या दिवशी सकाळी सगळ्या चिलमी परत एकदा वाजवायचा.

एक दिवस माती तुडवता तुडवता ही मला म्हणाली, "तुमाले एक सांगतो, रागावू नका. मामाजीले आयकू येत नाई."

"काहीतरी बोलू नको."

"बद्द वाजलेली गोणपाटावर ठेवून राहिले. काल ठेवली, आजई ठेवली. मी आयकलं."

मी त्या दिवसापासून लक्ष देऊ लागलो. खरंच होतं. बा टिचकी मारायचा, मान वाकडी करायचा, चेहऱ्यावर तोच रुबाब. आणि फुटकी चिलीम गोणपाटावर. दगडाभोवती नवं खापर पडेनासं झालं होतं. बा म्हणायचा, "या साली माती गुणाची लागली."

दोन दिवस मी धीर गोळा केला. तिसऱ्या दिवशी म्हणालो, "बा, या चिलमी एकदा परत वाजवता का?"

तो हातातली चिलीम खाली ठेवून माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "कोणं सांगतलं? शेळीनं?"

मी हातातला मातीचा गोळा मळत राहिलो.

"माया कान तुया जन्माच्या आधीचा हाय. बायकोच्या कानानं आयकून राहिला का तू? तिले लय कान असतीन तर माहेरी नेऊन सोड. त्यायच्या थ्या भोंग्यावानी लांब चिलमी वाजवत बसू दे तथीच."

तो म्हणाला ते करणारा माणूस होता. चुलत घरातली एक सून त्यानं असंच बोलून घालवली होती, ती परत आलीच नाही. मी चाकावर जाऊन बसलो. चाक सरळ फिरेना.

हिनं मला काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बा नदीवर आंघोळीला गेला की ही गोणपाटावरच्या चिलमी भराभर वाजवायची आणि बद्द असलेल्या पदराखाली नेऊन उकिरड्यात पुरायची. मी दारात उभा राहून बाची वाट बघायचो, म्हणजे पहारा करायचो. पण बाजारात फुटकी चिलीम गेली नाही. हे असं महिनाभर चाललं असेल.

हिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. तिचा भाऊ अकोल्याच्या स्टेशनावर येणार, तिथून आगगाडीनं बडनेरा, मग अमरावती, पुढं मोटारीनं चांदूर बाजार. अकोल्यापर्यंत कोणी न्यायचं? आवा भरून पेटवलेला, त्याच्याजवळ एक माणूस पाहिजेच. बा म्हणाला, "मी नेतो." गावातला एक बंडीवाला कापूस घेऊन निघाला होता. त्याच्या बंडीत मागच्या बाजूला कापसात खड्डा करून हिला बसवली, अंगावर घोंगडी. बा पुढं. निघताना त्यानं गोणपाटावरून एक चिलीम उचलली, वाजवली, कमरेला खोचली. मी हिच्या बोचक्याची गाठ बांधत होतो. आवाज ऐकला नाही.

बंडी गेली. मी आव्याला शेणी लावल्या, राख सारखी केली. बापासमोर मुलगा ओढत नाही. बा घरात नाही म्हटल्यावर मला मोकळं वाटलं. मीही गोणपाटावरची एक चिलीम घेतली, भरली, आव्यातला इस्तू ठेवला. दोन झुरके घेतले असतील. कट्ट असा आवाज झाला, हातातली चिलीम उभी दुभंगली आणि इस्तू माझ्या मांडीवर पडला. धोतर जळालं, कातडी जळाली. तो डाग अजून आहे.

मी मांडी चोळत होतो तेव्हा मला एकदम उमगलं. त्या सकाळी ही तिच्या बांधाबांधीत होती. चिलमी वाजवल्याच नव्हत्या.

मी गोणपाटासमोर बसलो. एक वाजवली. टण्ण. दुसरी, बद्द. पुढची, बद्द. मग तर सगळ्याच बद्द वाटायला लागल्या. बाच्या कमरेला त्यातलीच एक. आणि बा बंडीवर बसून ओढणार, ओढणारच, कारण त्याच्या चिलमीतून इस्तू पडत नाही हे त्यानं सगळ्या बाजाराला सांगितलं होतं. खाली कापूस. मागं ही. हिच्या पोटात.

आवा तसाच सोडून मी पळत सुटलो. अनवाणी. शेजारीण ओरडली, "काय झालं रे?" मी वळूनही पाहिलं नाही.

बंड्या मोठ्या सकाळीच निघालेल्या, पण भरलेली बंडी चालते ती बैलाच्या पायानं. गाठता येईल असं वाटत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. दरवर्षी असतात, कधी लक्ष गेलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, एक ठिणगी पडली तर ही बाभळीची रांग अकोल्यापर्यंत जळत जाईल. वाटेत एक बंडी मिळाली, हाकणारा चिलीम ओढत होता. माझ्या बापाची चिलीम, लांबूनच ओळखू आली. मी ओरडलो, "विझव थे!" तो म्हणाला, "काहून बे, तुया बापाची हाय, तुले काय?" मी पुढं पळालो. त्यालाही नीट सांगायला थांबलो नाही, इतकी भीती डोक्यात चढली होती.

मग धूर दिसला. वळणापलीकडं, झाडांच्या वर, पांढरा. मी खाली बसलो. खरं सांगतो, बसूनच राहिलो थोडा वेळ. जाऊन काय पाहायचं, असं वाटलं. मग उठलो, कसा उठलो माहीत नाही. वळणावर पोहोचलो तर वावरात चार माणसं शेणाच्या गोवऱ्यांवर ज्वारीची कणसं भाजत बसलेली.

"या भाऊ, हुरडा खाले या!"

मी त्यांच्याकडं बघितलं असेल ते कसं, त्यांचं त्यांना माहीत. हसणं थांबलं त्यांचं.

पुढं निंबाखाली विहीर होती, बैलांना पाणी पाजायची जागा. ती जागा अजून दिसायची होती तेवढ्यात मी बाईचा आवाज ऐकला. ओरडण्याचा. जिवाच्या आकांतानं. परत एकदा. आणि मला तो ओळखू आला, जरी हिला मी तोवर कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. घरात ती शेळीशीसुद्धा हळू बोलायची.

झालं, मी म्हटलं. पेटली.

त्यानंतर मी कसा पळालो ते आठवत नाही. आठवतं ते निंबाखालचं. बंड्या उभ्या, कापूस जसाच्या तसा पांढरा. बैल बिचकून मागं सरलेले. बा बंडीवर पुढं मांडी घालून बसलेला, एका हातात भरलेली चिलीम, दुसऱ्या हातातल्या चिमट्यात इस्तू. आणि ही, सातव्या महिन्याची बाई, पदर खांद्यावर पडलेला, कापसातून गुडघ्यांवर पुढं सरकून बाच्या कानात ओरडत होती.

"मामाजी! थे चिलम फुटकी हाय! फु-ट-की!"

बा म्हणाला, "काय म्हणते?"

नंतर बंडीवाल्यानं सांगितलं ते असं. बैल सोडले, बानं चिलीम काढली, सवयीनं टिचकी मारली, भरली. हिनं मागून ऐकलं, बद्द. तिनं आधी बैलांना सांगितलं, शेळीला सांगायची तसं. मग बाला सांगितलं, पदराआडून, हळू. बाला ऐकू गेलं नाही. थोडं मोठ्यानं सांगितलं. नाही. तोवर त्यानं बंडीवाल्याकडून इस्तू मागून घेतला. मग हिनं पदर सोडला.

"बुवा, माये बैल बिचकले, तुमी नाई बिचकले," बंडीवाला म्हणाला. "सारा रस्ता गोळा झाला, अन् तुमी इचारता काय म्हणते."

मी वर चढून बाच्या हातातला चिमटा घेतला, खाली उतरलो आणि इस्तू विहिरीच्या चिखलात टाकला. बानं मला पाहिलं. मी तिथं कसा, हेही विचारलं नाही. चिलीम झाडून रिकामी केली, कानाशी नेली, टिचकी मारली. मान वाकडी. परत मारली. चिलीम दुसऱ्या कानाशी नेली. परत मारली. मग त्यानं ती चिलीम हिच्यापुढं धरली.

"तू वाजव."

हिनं पदर ओढून घेतला होता. हात बाहेर काढून टिचकी मारली. बद्द. मला खालीसुद्धा ऐकू आलं. बा हिच्या बोटाकडं पाहत होता, आवाज कधी होतो ते बघायला.

मी बाला त्याआधी रागात पाहिला होता, आजारी पाहिला होता, आई गेली तेव्हाही पाहिला होता. भ्यालेला पाहिला नव्हता. तोंड उघडं राहिलं, खालचा ओठ लोंबला. मांडीखालच्या कापसावर त्यानं हात फिरवला, एकदा, दोनदा, आणि मागं हिच्याकडं पाहिलं, तिच्या पोटाकडं. मग रस्त्याकडं. तिथं बंड्यांमागं बंड्या लागत होत्या, आणि प्रत्येकीवर कोणाच्या ना कोणाच्या कमरेला त्याची चिलीम.

तो बंडीवरून उतरला. गुडघा धरून उतरला आणि मोठ्यानं म्हणाला, "आयका. मले आयकू येत नाई. माया हातची चिलम ज्याच्यापाशी असन त्यानं इथं आणा. सूनबाई वाजवते."

कोणी हलेना. एक म्हणाला, "बुवा, चांगली चालून राहिली माई."

"आण म्हणतो ना बे!"

निंबाखाली घोंगडी टाकून हिला बसवली. बंडीवाले लाजत लाजत चिलमी आणून ठेवायला लागले. ही एकेक वाजवायची, चांगली असली तर पुढं सरकवायची, फुटकी असली तर नुसती बाजूला ठेवायची. बा विहिरीच्या थारोळ्याच्या दगडावर ती फोडायचा. शिवी नाही, काही नाही. जुन्या सालच्या सगळ्या चांगल्या निघाल्या. हिनं उकिरडा भरला होता म्हणून नव्या मातीच्याही बहुतेक बऱ्या होत्या, एक-दोनच फुटल्या, त्या बाजारानंतर तडकलेल्या. वाटेत मी ज्याच्यावर ओरडलो होतो तोही मागून पोहोचला. "आता सांग बाप्पा, तुले काय झालतं," म्हणत चिलीम घोंगडीवर ठेवली. टण्ण वाजली. तो इतका खूश झाला की मिठी मारायला आला.

बा उरलेला रस्ता बंडीच्या मागं मागं चालत गेला. बसला नाही. आणि ओढली नाही.

मी घरी आलो तर आवा एका बाजूनं कच्चा, एका बाजूनं काळा. सगळा माल गेला. बा अकोल्याहून परतला, ढीग पाहिला, आणि मी शिवीची वाट बघत उभा राहिलो. तो म्हणाला, "भाऊ भेटला तिचा. गाडीत बसली नीट." बस. नदीच्या वरच्या अंगाची, लांबची माती आणायला आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी निघालो. ही पोराला घेऊन परत येईपर्यंत त्यानं चिलमी केल्या, भाजल्या, पण एकही विकली नाही. गिऱ्हाईक आलं तर म्हणायचा, "सून येऊ द्या."

ही आली आणि परत शेळीशी बोलायला लागली. बाशी सरळ परत कधी बोलली नाही. पण आवा उघडला की बा चिलमी तिच्यासमोर ठेवून पाठ करून बसायचा. साठ सालानंतर विड्या वाढल्या, चिलीम मागायला म्हातारेच येऊ लागले, तरी तो क्रम मोडला नाही. अकोल्याकडून कुठं कापूस जळाल्याची बातमी आली की बा आधी विचारायचा, "कोण ओढत होता?" मग जेवायचा नाही. शेवटच्या आजारपणातही त्यानं हे एकदा विचारलं. बातमी कसलीच नव्हती.

हिच्या हातची घासलेली एक चिलीम माझ्याजवळ आहे. म्हातारपणी माझा चाळा होता, मी टिचकी मारायचो आणि ही स्वयंपाकघरातून म्हणायची, "चांगली हाय, ठेवा आता." परवा ती काढली. दोन बोटांत धरली, हलकीच. टिचकी मारली. बद्द.

परत मारली. दुसऱ्या कानाशी नेली. बद्दच.

चिलीम तडकली असेल. किंवा माझा कान गेला असेल, बाचा गेला तसा. स्वयंपाकघराकडं पाहिलं. थोडा वेळ थांबलो, उगाच. बाचा काळा दगड अजून अंगणात आहे. मी चिलीम फडक्यात गुंडाळली आणि तिच्या गोट्याजवळ परत ठेवून दिली.